उत्तरेच्या खिडकीतले भिकन आप्पा

माझ्या कपाटात एक राखाडी कुर्ता आहे. मला रंगांची हौस भारी. लाल, जांभळा, झेंडूचा पिवळा, जे दुकानात लांबून दिसतं ते मी उचलते. त्या सगळ्यांत हा एकच कुर्ता असा मेलेला, की नवरा म्हणतो, "हा घातलास की तू चार दिवस तापातून उठल्यासारखी दिसतेस." दिसू दे. तो मी विकत घेतला तो एका माणसाला भिऊन, आणि टाकवत नाही तोही त्याच माणसामुळे.

मी मूळची यवतमाळची, रागीट, आणि तेव्हा नवी नवी एचआरमध्ये लागलेली. कंपनी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीतली, कापड रंगवणारी, मोठी. गेटवर कार्ड लावलं की टुक् करून हिरवा दिवा लागायचा आणि दांडा सरकायचा. पहिल्या दिवशी तर मला त्या दिव्याचंच इतकं कौतुक वाटलं, की घरी फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते गुजराती, बोलायला गोड, पण कामाचं बोलताना हसायचे नाहीत. म्हणाले, "आपणे शीखवाडीए ने बाजुवाळा लई जाय." म्हणजे शिकवायचं आपण आणि न्यायचं शेजाऱ्यांनी. रंगाच्या लॅबमध्ये दरवर्षी सहा अप्रेंटिस घेतले जात. वर्षभर शिकत, हात बसला की निघून जात. गेल्या खेपेला सहातला एक उरला होता. "या वर्षी चार तरी टिकले पाहिजेत," साहेब म्हणाले. "नाहीतर ती शिकाऊंची खोली बंद. तिथे सॅम्पलचं स्टोअर करू. शिकवणारे आप्पाही आता रिटायर होतात, तेव्हा त्यांनाही वाईट वाटायचं कारण नाही."

मी प्रश्नावली छापून घेतली आणि आप्पांना भेटायला निघाले. अंगात नवा कोरा शेंदरी कुर्ता.

लॅबच्या शेवटी ती खोली होती. लांबट, भिंती राखाडी, आणि एका बाजूला अख्खी भिंतभर खिडकी. खिडकीपाशी एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ कापडाचा तुकडा हातात धरून उभे होते. राखाडी शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, नखं निळी. मी जवळ जाऊन म्हटलं, "नमस्कार, मी एचआरमधून..."

"मागं सरका बाई."

"अहो, मी..."

"अजून मागं. तुमचा कुर्ता माझ्या पिस्त्यात पडून राहिला."

मला काही कळेना. सहा पोरं तोंड दाबून हसत होती. मी दारापर्यंत मागे सरकले, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. म्हणाले, "हां. आता बोला. तिथूनच बोला." माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग, तो तिथून कपाळात गेला. एचआरच्या बाईला दारात उभं करतो म्हणजे काय? प्रश्नावली टेबलावर आपटून मी तरातरा निघून आले.

संध्याकाळी त्या सहांतली निकिता, सुरतेतल्याच डिंडोली भागातली, बाप लूमवर, माझ्या टेबलाशी आली. तिने समजावलं. शेड, म्हणजे रंगाची छटा, बघताना जवळ भडक रंग असला की त्याची झाक कापडावर पडते आणि डोळा फसतो. म्हणून आप्पा आयुष्यभर राखाडी शर्ट घालतात. म्हणून भिंती राखाडी. आणि खिडकी उत्तरेची, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, ऊन आत येत नाही. "मॅडम, आप्पांनी पोरीच्या लग्नातपण राखाडी सफारी घातला होता," ती म्हणाली. "व्याह्यांना वाटलं, हे मांडववाले."

झालं! रविवारी बाजारात जाऊन मी तो कुर्ता घेतला.

भिकन आप्पा अमळनेरकडच्या एका खेड्यातले. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईने भीक मागितल्यासारखं मागून घेतलेलं पोर, म्हणून नाव भिकन. सुरतेत आले ते सोळाव्या वर्षी, मामाच्या मागे. घरी काकूंशी, पोरांशी, रागावले तर आमच्याशीही अहिराणी. मालकाशी गुजराती. मशीनवरच्या भय्यांशी हिंदी. आणि माझ्याशी मराठी, जरा इस्त्री केलेली. पण मनातलं काही बोलायचं असलं की इस्त्री मोडायची.

त्यांचे रिवाज पाहून मला आधी हसू यायचं. शेड बघण्याआधी ते मिनिटभर नुसते राखाडी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नवखा माणूस आला की त्याला वाटायचं, आप्पांना कुणी शिक्षा केली. "डोळा धुऊन घेऊन राहिलो," म्हणायचे. शेड बघायच्या आधी मोबाइल बघणाऱ्या पोराला अर्धा तास तुकड्याला हात लावू देत नसत. दिवस मावळला की साहेब स्वतः आले तरी शेड पास करायचे नाहीत. "आता मी आंधळा. सकाळी या." लॅबमध्ये लाखोंचं यंत्र होतं, कापड आत सरकवलं की रंग आकड्यांत सांगणारं. त्याचा त्यांना राग नव्हता. उलट रोज सकाळी त्याची काच स्वतः पुसायचे. यंत्र आणि ते दोघे एकच बोलले की खूश. भांडले, तर आप्पा तुकडा घेऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे, आणि बऱ्याचदा मग म्हणायचे, "हां, त्याचंच खरं. माझा चष्मा पुसायला झाला."

आणि एक वाक्य होतं, ते तर दिवसातून पन्नास वेळा. "वाळू दे आधी."

ओलं कापड असतं त्याहून गडद दिसतं. मशीनमधून सॅम्पल कापलं की नवा माणूस तसंच बघतो आणि म्हणतो, झालं, मिळाली शेड. वाळलं की फिकं. म्हणून तुकडा आधी पिळायचा, इस्त्रीखाली वाळवायचा, मग खिडकीत न्यायचा. पण आप्पांनी ते वाक्य कापडापुरतं ठेवलं नव्हतं. दोन पोरं भांडत आली, वाळू दे आधी. कुणी म्हणालं मी उद्यापासून येत नाही, वाळू दे आधी. माझं आणि अकाउंटवाल्यांचं एकदा कडाक्याचं वाजलं आणि मी रागाने तीन पानी मेल लिहिला, तेव्हा चहा घेऊन आलेले आप्पा मेलकडे न बघताच म्हणाले, "ताई, वाळू दे." दुसऱ्या दिवशी मी त्यातल्या अडीच पानांवर काट मारली. मी "बाई"ची "ताई" केव्हा झाले, ते मलाही आठवत नाही. बहुतेक राखाडी कुर्त्यानंतरच.

रंगाच्या धंद्यात एक वाईट चाल आहे. मास्तर आपली डायरी कुणाला दाखवत नाही. कुठल्या शेडला कुठला रंग किती ग्रॅम, ती त्याची इस्टेट. आप्पा कतारगामच्या एका छोट्या डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, शिकले तेव्हा त्यांचा मास्तर रंग तोलायची वेळ आली की यांना चहा आणायला पिटाळायचा. "चार वर्षं चहाच शिकलो मी," आप्पा सांगायचे. "सुरतमधला कोणता चहावाला कसा, ते विचारा." म्हणून यांची स्वतःची डायरी खोलीच्या मधल्या टेबलावर सुतळीने बांधलेली असायची, बॅंकेतल्या पेनसारखी. कुणीही उघडावी, उतरवून घ्यावी, फोटो काढावा.

पण खरी गंमत दुसऱ्या वहीत होती. ती चुकांची.

जाड पुठ्ठ्याची, फुगलेली वही. दर पानावर बिघडलेल्या लॉटचा एक तुकडा चिकटवलेला, आणि खाली ज्याने बिघडवला त्याच्या हातचं अक्षर. काय केलं, का केलं, नाव. दुसरं काही नाही. शिव्या नाहीत, माफी नाही. "मी ॲसिड टाकायचं विसरले. कारण मैत्रिणीचा फोन आला. निकिता." "मी दोन नंबरच्या ऐवजी तीन नंबरचा डबा उघडला. कारण डब्यावरचं लेबल वाचलं नाही, रंग बघितला." अशी वीसेक वर्षांची पानं. आणि ज्याची पहिली चूक वहीत चढेल, त्या दिवशी आप्पा स्वतःच्या खिशातून सगळ्यांना लोचो खिलवायचे. खमण बिघडलं म्हणून जन्मलेला पदार्थ असं सुरतेत सांगतात, तो गरमागरम, वरून तेल आणि शेव. पोरगं रडवेलं आणि बाकीचे बोटं चाटतायत, असं ते दृश्य. हळूहळू तेही खायला लागायचं.

त्या वर्षी सहापैकी पाच जणांची पानं भरली होती. राहिला होता अजय. हिंगोलीकडचा, काटकुळा, बोलायला कंजूष, पण डोळा असा की यंत्राच्या आधी सांगायचा. दहा महिने एक चूक नाही. मी म्हटलं, "आप्पा, हा तुमचा हिरा."

आप्पा खूश दिसले नाहीत. "या पोऱ्याचं काय व्हई, ताई?" म्हणाले. "याला बिघडवता येत नाही अजून. ज्या दिवशी बिघडेल, त्या दिवशी हा स्वतःच फाटेल."

मधल्या काळात मी माझं डोकं चालवत होतेच. चार पोरं टिकवायची होती. मी बॉण्ड काढला. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर सर्टिफिकेट मिळणार नाही, असा. मोठ्या रुबाबात आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग विचारलं, "तुमच्या घरी गाय होती का हो?"

"होती की, आजोळी."

"मग दावं कशाला लावतात, माहिती असेल. ती पळून जाईल म्हणून लावतात. म्हणजे तुम्ही पहिल्याच दिवशी पोराला सांगून राहिले, की आम्हाला वाटतं तू पळशील."

मी चिडले. म्हटलं, "मग तुम्ही सांगा ना उपाय! खोली तुमची बंद होऊन स्टोअर होणार आहे, माझी नाही." तोंडातून गेलं आणि मला वाटलं, मेले आता. त्यांना खोलीचं कुणी सांगितलंच नव्हतं. आप्पांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अच्छा. स्टोअरला खिडकी कशाला लागते? बुजवून टाकतील." इतकंच. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा पोरांना वाटून टाकला. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, जे ते कधीच कुणाला अर्ध्याहून जास्त देत नसत. मला इतकं वाईट वाटलं की बॉण्डचा कागद मी फाडूनच टाकला.

आणि मग अजयने लॉट बिघडवला. पिस्ता रंगाचा, मोठ्या गिऱ्हाइकाचा. घाई होती, इस्त्री तापायला वेळ लागत होता, त्याने ओला तुकडाच खिडकीत धरला आणि हो म्हणाला. वाळल्यावर अख्खा लॉट फिका, आजारी माणसाच्या जिभेसारखा. आप्पा त्या दिवशी नातीच्या बारशाला गेलेले. पाळीच्या इनचार्जने अजयला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी अजय आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. फोन बंद. माझ्या संगणकात अशा वेळी भरायचा एक रकाना असतो, "पळून गेला." मी त्यावर बोट ठेवून बसले होते तर आप्पा आले.

"वाळू दे, ताई. रविवारी माझ्यासोबत चला."

रविवारी सकाळी डिंडोलीत त्यांची जुनी स्कूटर पुढे आणि माझी मागे. आप्पा तिथलेच, गल्ली न गल्ली पाठ. दर चौथ्या दारातून "काय आप्पा, कथा?" म्हणजे कुठे, अशी हाक. एका चाळवजा इमारतीच्या वरच्या मजल्यावर अजयची, दोघांत मिळून घेतलेली खोली. दार उघडलं ते रवीने. रवी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेच अप्रेंटिस होता आणि आता पांडेसरात कुठल्याशा छोट्या डाइंगमध्ये मास्तरच्या हाताखाली. माझ्या हिशेबी तोही "गेलेला." आत अजय बॅग भरत होता. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट, उधना स्टेशनवरून. आप्पांना पाहून तो भिंतीला टेकला आणि मान खाली घातली.

आप्पा सरळ आत आले. खाटेवर बसले. पिशवीतून वही काढली, गोंदाची बाटली काढली, कागदात गुंडाळलेला पिस्त्याचा तुकडा काढला. सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, "तुला जायचं तर जा भो. पण माझं पान कोरं ठेवून नको जाऊ. बाकी पाचांचं भरलं, तुझंच राहिलं."

"आप्पा, अख्खा लॉट..."

"लॉट काळा केला. कालच निघाला मशीनमधून, झकास आहे. काळ्याला गिऱ्हाईक कायम असतं. तू लिही."

अजयने बाटली उलटी केली, पण गोंद पानापेक्षा चादरीला जास्त लागला. तो रडत होता आणि लिहीत होता. "मी ओलं असतानाच हो म्हणालो. कारण घाई झाली. आणि मला वाटलं, माझं चुकत नाही." शेवटचं वाक्य लिहून त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी वाचलं, चष्मा वर केला आणि एकदम मोठ्यांदा हसले. "शाब्बास रे पोऱ्या! आता झाला तू कारागीर. बठ आठेच." म्हणजे बस इथेच. आणि मला म्हणाले, "ताई, लोचो."

मी खाली जाऊन लोचो आणला. रवीने चहा टाकला. वातावरण सैल झालं, तसं माझ्यातली एचआरची बाई जागी झाली. समोर गेलेला माणूस आयता बसलेला! विचारलं, "रवी, तू कंपनी का सोडलीस रे? पगार? लांब पडायचं?"

रवी हसला. "मॅडम, मी कुठं सोडली?"

"म्हणजे?"

"शेवटच्या दिवशी ते क्लिअरन्सचं फॉर्म असतं ना? कार्ड जमा करा, बूट जमा करा, लॉकरची चावी जमा करा. चार सह्या आणा. मग सर्टिफिकेट दिलं, टाळ्या वाजवल्या, म्हणाले, लेटर घरी येईल. सोमवारी मी सवयीनं गेटवर गेलो. कार्ड तर नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, पास बनवाओ, किससे मिलना है? आता किससे मिलना है, काय सांगू? आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तेच. मग पांडेसरावाले म्हणाले, उद्यापासून ये. गेलो." त्याने गादीखालून एक पाकीट काढलं. "लेटर आलं मॅडम. पण दीड महिन्यांनी. हे बघा. मी ठेवलंय."

कोपरे मऊ पडलेलं ते नेमणुकीचं पत्र माझ्या हातात आलं. आमच्याच कंपनीचं, मुख्य ऑफिसची सही. मला लाज वाटली. कारण तो क्लिअरन्सचा फॉर्म माझ्या विभागाचा. जुना होता, पण मी आल्या आल्या तो नव्याने सुबक करून घेतला होता, रकान्यांना निळा रंग देऊन. आम्ही पोराच्या पायातले बूट काढून घेत होतो आणि वर मीटिंग भरवून विचारत होतो, की हे जातात का!

आप्पांनी ते पत्र माझ्या हातातून घेऊन पाहिलं. मग हळूच विचारलं, "रवी, त्या चार सह्यांत चौथी कोणाची रे?"

रवी चहाच्या कपात बघत म्हणाला, "तुमचीच, आप्पा."

"मला वाटायचं, निरोपाचा कागद आहे," आप्पा म्हणाले. "पोरगं शिकलं, मास्तरनं सही करायची. मी तर हौसेनं करायचो. पाठीवर हात ठेवायचो." त्यांनी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं मीच हाकललं ना हो सगळ्यांना, ताई? सही करून?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला त्यांनी खिशातून काढलं ते सॅम्पलचं कापड. मी म्हटलं, आत्ता साहेबांना फोन करते, आत्ताच्या आत्ता. आप्पांनी मान हलवली. रडता रडताच म्हणाले, "वाळू दे आधी."

सोमवारी अजय कामावर हजर होता, आणि मी साहेबांच्या खोलीत. राग वाळवून गेले होते, म्हणून नीट बोलता आलं. पत्र ट्रेनिंग संपायच्या महिनाभर आधी हातात पडलं पाहिजे. कार्ड एक दिवससुद्धा बंद पडता कामा नये. बूट आणि चावी त्याच्याचकडे. साहेब म्हणाले, "पण पूर्ण होण्याआधी पत्र? मुख्य ऑफिस नाही म्हणेल." मी रवीचं पाकीट टेबलावर ठेवलं. सांगितलं, "साहेब, हे आपलं पत्र दोन वर्षं गादीखाली आहे." त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, तारीख वाचली आणि स्वतः फोन उचलला. हसले मात्र नाहीत.

बातमी द्यायला उड्या मारत मी खोलीत गेले तर आप्पा वही उघडून बसलेले. पुढे माझा निळ्या रकान्यांचा कोरा फॉर्म आणि कात्री.

"आप्पा, मी काही अप्रेंटिस नाही हं!"

"मी तरी कुठे आहे? मी पण लिहितो. तुमच्या खाली."

बसले मी. फॉर्मचा कोपरा कापून चिकटवला आणि सहा पोरांच्या देखत लिहिलं, "मी फॉर्म सुंदर केला, पण तो काय करतो ते पाहिलं नाही. कारण गेलेल्या कुणाला विचारलंच नाही." खाली आप्पांनी त्यांच्या थोराड अक्षरात लिहिलं, "मी वाचल्याशिवाय सही केली. कारण आनंद झाला होता. भिकन." त्या दिवशीचा लोचो आम्ही दोघांनी मिळून आणला, आणि निकिताने त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

ट्रेनिंग संपलं तो दिवस फार साधा गेला. पत्रं महिन्यापूर्वीच मिळाली होती, त्यामुळे रडारड नाही, टाळ्याही थोड्याच. सहातले पाच राहिले. सहावा अकोल्याला मामाच्या दुकानात गेला, स्वखुशीने, सगळ्यांच्या पाया पडून. आप्पा त्याच्यासाठी दोन दिवस हळहळले, कारण निळ्या रंगात त्याचा हात छान होता. रवी काही परत आला नाही. तिकडे त्याचं बरं चाललं आहे. खोली राहिली. नवे सहा आले, आणि त्यांना तुकडा कसा वाळवायचा ते अजय दाखवायला लागला. इस्त्री मात्र आप्पांनी नवी मागून घेतली, पटकन तापणारी.

दोन महिन्यांनी आप्पांचा शेवटचा दिवस आला. शाल, नारळ, साहेबांचं भाषण झालं. काकू पहिल्यांदाच कंपनीत आल्या होत्या, हिरव्यागार शालूत, आणि आप्पा त्यांना उत्तरेच्या खिडकीपासून लांब उभं करत होते. सगळं आटोपल्यावर ते एकटेच माझ्या टेबलाशी आले. बूट वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यावर चावी. त्यावर कार्ड.

"घ्या ताई. माझं तर खरंच क्लिअरन्स आहे."

मी बूट घेतले. चावी घेतली. कार्ड त्यांच्याकडे परत सरकवलं.

"हे कशाला?"

"मंगळवार आणि शुक्रवार, आप्पा. दुपारपर्यंत. नव्या पोरांना भिंतीकडे तोंड करून कोण उभं करणार? पत्र या पाकिटात आहे. साहेबांची सही झालीय."

"आधीच?"

"आधीच."

त्यांनी पाकीट उघडलं नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा दाबून पाहिलं. "मायबाई," एवढंच म्हणाले, मला की त्या पाकिटाला, कोण जाणे, आणि गेले.

त्यानंतर नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सुरत सोडली. आप्पा अजून डिंडोलीतच आहेत, अधूनमधून निकिता फोटो पाठवते. पण मला ते आठवतात ते निरोपानंतरच्या पहिल्या मंगळवारचे. माझ्या खिडकीतून गेट दिसायचं. सकाळची पाळी आत शिरत होती. आप्पा बाजूला उभे, राखाडी शर्ट, पायात साधी चप्पल, हातात कार्ड. सगळे जाईपर्यंत थांबले. गेट मोकळं झालं तरी पुढे होईनात. मग एकदम गेले आणि कार्ड लावलं. टुक्. हिरवा दिवा. दांडा सरकला. आप्पा तिथेच. सिक्युरिटीवाला बघत होता. दांडा बंद झाला, तशी त्यांनी पुन्हा कार्ड लावलं. पुन्हा हिरवा. सिक्युरिटीवाला काहीतरी बोलला, आप्पाही काहीतरी बोलले आणि दोघे हसले. मग त्यांनी कार्ड शर्टाला नीट पुसलं, खिशात ठेवलं आणि आत गेले.